नालंदा, लंडन आणि प्रवराकाठ

रमजानमध्ये इल्मची, म्हणजे ज्ञानाची, चर्चा निघाली की विद्येसाठी मुलूख सोडणाऱ्यांच्या गोष्टी येतात. बगदाद, कैरो, कॉर्डोबा ही नावे हमखास घेतली जातात. आज नेवाशाचे नाव घेऊ. माउलींचा पैस खांब असलेल्या या गावी लंडनला शिकून आलेला एक माणूस उत्खननाला आला आणि पुढे परदेशातील संशोधक याच परिसरात अभ्यासाला आले.

डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत, एका गुजराती वकील घराण्यात झाला. प्रकृती इतकी नाजूक की मूल जगेल याचीच शाश्वती नव्हती. पंधराव्या वर्षी लोकमान्य टिळकांच्या आर्यांवरील ग्रंथाचे गुजराती भाषांतर त्यांच्या हाती पडले. त्यातले काही कळले नाही, तरी हाच विषय पुढे शिकायचा हे त्यांनी ठरवून टाकले. टिळकांनी संस्कृत आणि गणित अभ्यासले होते, म्हणून यांनीही तेच घेतले. एम.ए.च्या प्रबंधाचा विषय होता नालंदा विद्यापीठ. चीनचा ह्युएन त्संग जिथे येऊन शिकला, त्या विद्यापीठाचा अभ्यास करणारा हा तरुण पुढे स्वतःच समुद्र ओलांडून गेला.

लंडनमध्ये त्यांनी गुजरातच्या पुरातत्त्वावर संशोधन करून १९३६ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्याच काळात मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात त्यांनी काम केले. मातीचा एकेक थर वेगळा ओळखायचा, कुठली वस्तू कुठल्या थरात सापडली याची नोंद ठेवायची, ही शिस्त तिथली. माझ्या मते त्यांच्या सामानातली सर्वांत मोलाची चीज हीच होती, पदवी तिच्यानंतर.

तालुक्यातले एखादे मूल परदेशी शिकायला निघाले की घरात हळूच विचारले जाते, परत येणार ना? सांकलिया परत आले. १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. १९५०-५१ मध्ये त्यांनी नाशिक आणि याच प्रवरेवरील जोर्वे येथे खोदकाम केले. नेवाशात १९५४ ते १९५६ आणि पुन्हा १९५९ ते १९६१ असे उत्खनन झाले. सोबत शां. भा. देव आणि झैनुद्दीन दाऊद अन्सारी होते. १९६० च्या अहवालावर या दोघांचीही नावे आहेत.

नदीच्या वाळू-गोट्यांत अश्मयुगातील दगडी हत्यारे मिळाली. मध्य पुराणाश्मयुगातील हत्यारांच्या एका परंपरेला पुढे ‘नेवासियन’ असेच नाव पडले. टेकाडात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची घरे निघाली. त्यांच्या जमिनीखाली लहान मुलांना मातीच्या कुंभांत पुरलेले होते. एका बाळाची तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, तिच्या मण्यांत धाग्याचे अंश टिकून होते. ही नोंद वाचताना पुढचे पान लवकर उलटत नाही. वरच्या, सातवाहनकालीन थरांत रोमन कुंभांचे तुकडे मिळाले. ते कुंभ मद्याचे, हे रमजानच्या पानावर सांगायला हरकत नसावी. पण रोमचा माल प्रवराकाठी पोहोचत होता हे त्यातून कळले. सर्वांत वरच्या थराला अहवालात ‘मुस्लिम-मराठा’ असे जोडनाव आहे. त्या थरातल्या बांगड्यांच्या काचा कुणाच्या मनगटावरच्या, हे माती सांगत नाही.

मग उलटा प्रवास सुरू झाला. लंडनहून फ्रेडरिक झॉयनर १९४९ मध्येच येऊन सांकलियांबरोबर गुजरातेत फिरून गेले होते. हिटलरच्या काळात जर्मनी सोडावी लागलेला हा शास्त्रज्ञ. त्यानंतर जर्मनीच्या गुड्रुन कॉर्व्हिनस आल्या. त्यांनी १९६६ ते १९६९ या काळात नेवाशाजवळच्या चिरकी नाल्यावर उत्खनन केले. अश्मयुगीन माणसाची हत्यारे तिथे हजारोंनी निघाली. पुढे त्या इथिओपियात गेल्या आणि आदिमानवाच्या शोधात त्यांनी तिथेही काम केले.

सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त झाले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. कॉर्व्हिनस यांनी प्रवरा खोऱ्यावर लिहिलेले दोन खंड १९८१ आणि १९८३ मध्ये जर्मनीतील ट्यूबिंगेनहून प्रसिद्ध झाले, तेव्हा ते हयात होते. २८ जानेवारी १९८९ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.