थेरपीत मुलांना खेळवतात कशाला? हा उपचार देशात आणणाऱ्या कमला निंबकर

उदगीरहून मजुरी बुडवून लेकराला लातूरला थेरपीसाठी न्यावे, आणि तिथे मॅडमनी त्याला मातीचे गोळे करायला बसवावे! आई-बाप वैतागणारच.

हा उपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार. तो भारतात रुजवला कमला निंबकर यांनी. जन्म १९०० चा, अमेरिकेतला. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. या विषयाचे शिक्षण त्यांनी फिलाडेल्फियात घेतले, तेही चाळिशीनंतर. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. आशियातले ते पहिले. १९५२ मध्ये थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना झाली, तिच्या पहिल्या अध्यक्ष त्याच. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले.

नावातल्या ‘व्यवसाया’ने घोटाळा होतो. इथे त्याचा अर्थ माणसाची रोजची कामे, आणि लहान मुलाचे रोजचे काम खेळणे. माती मळून बोटांत बळ येते. मणी ओवताना जमलेली चिमूट पुढे बटण लावते, पेन्सिल धरते. व्यायाम म्हटला की लेकरू दोन मिनिटांत उठते. खेळ असला की तेच पुन्हा पुन्हा करते.

लातूरची फेरी रोज परवडत नाही. म्हणून निघताना थेरपिस्टला विचारा, घरी कोणता खेळ घ्यायचा? कणकेचा गोळा, शेंगा सोलणे असेही बऱ्याचदा चालते.