यशवंतरावांनी दिल्लीत संरक्षणाचा अभ्यास करणारी संस्था काढली, अन् अणुबॉम्बचा वाद तिथं रंगला

मुंबई-गोवा महामार्गानं लांजा मागे टाकलं की राजापूर तालुका लागतो. राजापूरहून समुद्राकडे वळलं की माडबन, जिथं जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प व्हायचा आहे. फ्रान्सच्या तंत्रज्ञानावर चालणाऱ्या सहा अणुभट्ट्या आणि ९,९०० मेगावॅट वीज, असा हा आराखडा. त्यावरून मच्छीमार, आंबा बागायतदार आणि सरकार यांच्यात काय काय झालं, हे लांजा-राजापुरात कुणालाही विचारा.

पण एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. २००८ पूर्वी फ्रान्सला भारताला अशा भट्ट्या विकणं जवळपास अशक्य होतं. कारण अण्वस्त्रप्रसार बंदी करारावर, म्हणजे एनपीटीवर, भारतानं सही केलेली नाही. ती का केली नाही, हे शोधत मागे गेलं की आपण १९६०च्या दशकातल्या दिल्लीत पोचतो. तिथं भेटतात कराडचे यशवंतराव चव्हाण.

यशवंतराव म्हटलं की संयुक्त महाराष्ट्राचा मंगल कलश, सहकार, पंचायत राज हे सगळं आठवतं. पण देशाच्या संरक्षणाचा बारमाही अभ्यास करणारी एक थिंक टँक त्यांच्या पुढाकारानं उभी राहिली, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

सुरुवातीपासून बघू.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, आजोळी, त्यांचा जन्म झाला. आज हे गाव सांगली जिल्ह्यात येतं. वडील लहानपणीच गेले. आई विठाबाईंनी कष्टानं मुलांना वाढवलं. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच यशवंतराव स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढले गेले. १९३२ मध्ये तुरुंगात गेले आणि तिथं वाचनाचं जे वेड लागलं ते आयुष्यभर सुटलं नाही. पुढं कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, पुण्यात कायद्याचं शिक्षण, १९४२ची भूमिगत चळवळ, १९४६ला आमदारकी. १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री.

या काळात त्यांची एक सवय दिसते. एखादा प्रश्न दीर्घकाळ टिकणारा आहे असं वाटलं, की ते त्यासाठी संस्था उभी करायचे. मराठी ज्ञानव्यवहारासाठी १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं आणि अध्यक्षपदी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आले. पोरं लष्करात अधिकारी व्हावीत म्हणून १९६१ मध्ये साताऱ्यात सैनिक स्कूल सुरू झालं. दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलांसाठी १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आलं.

याच सवयीची दिल्लीला गरज पडणार होती.

ऑक्टोबर १९६२. चीननं हल्ला केला आणि भारतीय सैन्याची दाणादाण उडाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं. पंडित नेहरूंनी मुंबईहून यशवंतरावांना बोलावून घेतलं. सह्याद्री हिमालयाच्या हाकेला धावून गेला, असं मराठी माणूस तेव्हापासून अभिमानानं सांगतो. २१ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली. चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तो दिवसही हाच.

म्हणजे युद्ध थांबलेलं होतं. आता समोर होता प्रश्न, की हे झालंच कसं?

पराभवाची लष्करी चौकशी झाली. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांनी अहवाल दिला. तो गोपनीय राहिला, पण त्याच्या निष्कर्षांबाबत यशवंतरावांनी सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेत निवेदन केलं. मग १९६४ ते १९६९ अशी पाच वर्षांची संरक्षण योजना आखली गेली. सव्वाआठ लाखांचं सैन्य, हवाई दलाच्या ४५ तुकड्या आणि सुमारे ५,००० कोटी रुपयांचा खर्च.

बंदुका, विमानं, जवान वाढत होते. पण शेजारी देश पुढच्या दहा वर्षांत काय करेल, याचा शांतपणे अभ्यास कोण करणार? मंत्रालयातले अधिकारी रोजच्या फायलींत अडकलेले. सेनाधिकारी सीमेवर. विद्यापीठांत संरक्षण हा विषय फारसा कुणी शिकवत नव्हतं. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये हे काम थिंक टँक करायच्या. आपल्याकडेही अशी संस्था हवी, यासाठी यशवंतरावांनी हालचाली सुरू केल्या. मंत्रिमंडळातले सहकारी, खासदार, अधिकारी यांनी त्यांना साथ दिली.

आणि तेवढ्यात चीननं दुसरा धक्का दिला.

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीननं लोप नूरच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट केला. नेहरूंना जाऊन पाच महिनेही झाले नव्हते. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान होते. देशात एकच चर्चा, आपणही बॉम्ब करायचा का?

आठवड्याभरानं, २४ ऑक्टोबरला, होमी भाभा आकाशवाणीवर बोलले. ५० अणुबॉम्बचा साठा करायला १० कोटींपेक्षा कमी खर्च येईल, असा हिशेब त्यांनी मांडला. बॉम्ब हवा म्हणणाऱ्यांना मोठाच मुद्दा मिळाला. पण या आकड्यात एक मेख होती. नुसता बॉम्ब बनवून भागत नाही. तो टाकायला लांब पल्ल्याची विमानं किंवा क्षेपणास्त्रं लागतात. प्लुटोनियमसाठी भट्ट्या आणि कारखाने लागतात. तो सुरक्षित ठेवायची, हुकूम द्यायची यंत्रणा लागते. हा सगळा खर्च १० कोटींत बसणारा नव्हता.

सरकारची भूमिका बॉम्ब न करण्याची होती आणि संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव त्याच सरकारचा भाग होते. पण भूमिका काहीही असो, हा आकडा सरकारबाहेर बसून तपासणार कोण, हा प्रश्न उरतोच. बॉम्ब हवा म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघंही बरंचसं भावनेवर बोलत होते.

मग १९६५चं पाकिस्तानशी युद्ध झालं. १ सप्टेंबरला छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा हवाई दल वापरायची परवानगी यशवंतरावांनी काही मिनिटांत दिली. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. पण युद्ध थांबल्यावर दोन महिन्यांच्या आत, ११ नोव्हेंबर १९६५ रोजी, नवी दिल्लीत एक संस्था नोंदवली गेली. नाव, इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स स्टडीज अँड ॲनालिसेस. थोडक्यात आयडीएसए.

पैसा संरक्षण मंत्रालयाचा, पण संस्था स्वायत्त. काम काय, तर संरक्षणाचा अभ्यास करायचा, तो राज्यकर्त्यांपुढे आणि सेनाधिकाऱ्यांपुढे मांडायचा आणि सामान्य लोकांनाही समजावून सांगायचा.

आता गंमत बघा.

संस्थेचे पहिले संचालक मेजर जनरल सोम दत्त. भारत आणि अणुबॉम्ब या विषयावरचा त्यांचा निबंध १९६६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. पेशानं सैनिक असलेल्या या माणसाचा कल भारतानं इतक्यात बॉम्बच्या मागे लागू नये असाच होता.

१९६८ मध्ये दुसरे संचालक आले के. सुब्रह्मण्यम. हे सनदी अधिकारी. यशवंतराव संरक्षणमंत्री असताना ते त्याच मंत्रालयात उपसचिव होते. त्यांचं मत नेमकं उलट. अण्वस्त्रांचा पर्याय भारतानं हातचा सोडू नये, असं ते सतत लिहीत राहिले.

एकाच संस्थेत आधी एक संचालक नको म्हणतो, दुसरा हवा म्हणतो. आणि दोघंही कारणं देऊन, कागदावर, नावानिशी. देशाच्या सुरक्षेबद्दल मतभेद असणं म्हणजे देशद्रोह नाही, हे या संस्थेनं सुरुवातीच्या चार वर्षांतच दाखवून दिलं.

१९६८ हे वर्ष महत्त्वाचं होतं, कारण १ जुलैला एनपीटी सह्यांसाठी खुला झाला. या करारात एक अट होती. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी अणुस्फोट केला, तेच अण्वस्त्रधारी देश मानले जातील. म्हणजे अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन. बाकी सगळ्यांनी बॉम्ब न करण्याचं वचन द्यायचं. चीन आत, भारत बाहेर. इंदिरा गांधींच्या सरकारनं सही करायला नकार दिला. त्या मंत्रिमंडळात यशवंतराव गृहमंत्री होते.

हा करार मूठभर देशांकडची अण्वस्त्रं कायदेशीर ठरवतो आणि इतरांचे हात बांधतो, हा युक्तिवाद सुब्रह्मण्यम पुढची कित्येक वर्षं मांडत राहिले. भारताचे मुत्सद्दी परदेशात हीच बाजू सांगायचे.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला पहिला अणुस्फोट झाला, तेव्हा यशवंतराव अर्थमंत्री होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परराष्ट्र खातं त्यांच्याकडे आलं. कॅनडानं अणुसहकार्य थांबवलं होतं. अणुइंधन आणि तंत्रज्ञान विकणाऱ्या देशांनी एकत्र येऊन गट केला, तोच पुढे एनएसजी म्हणून ओळखला जाऊ लागला. भारताची कोंडी सुरू झाली होती आणि जगाला भारताची बाजू सांगण्याची जबाबदारी आता यशवंतरावांच्या खात्याची होती.

पुढं १९७९ मध्ये ते काही महिने उपपंतप्रधान झाले. नंतर राजकारणानं त्यांना बाजूला टाकलं. १९८३ मध्ये वेणूताई गेल्या आणि ते आतून खचले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. 'कृष्णाकाठ' हे त्यांचं आत्मचरित्र त्याच वर्षी आलं, पण ते १९४६ पर्यंतच येऊन थांबतं. पुढचे भाग लिहायचे राहून गेले. दिल्लीतली वर्षं त्यांच्या तोंडून आपल्याला मिळालीच नाहीत. आयडीएसएची गोष्ट मराठीत फारशी सांगितली जात नाही, त्याचं हेही एक कारण असावं.

संस्था मात्र चालत राहिली. १९९८ मध्ये भारतानं पुन्हा अणुचाचण्या केल्या. १९९९ मध्ये अण्वस्त्र धोरणाचा मसुदा तयार झाला, तेव्हा तो करणाऱ्या सल्लागार मंडळाचे प्रमुख होते तेच सुब्रह्मण्यम. आपण आधी अण्वस्त्र वापरणार नाही, हे तत्त्व त्या मसुद्यात होतं. सप्टेंबर २००८ मध्ये एनएसजीनं भारताला सूट दिली आणि कोंडी फुटली. त्यानंतरच फ्रान्सबरोबरचा जैतापूरचा करार शक्य झाला. माडबनचा रस्ता असा लोप नूर, पोखरण आणि दिल्लीवरून येतो.

२०२० मध्ये या संस्थेला माजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं गेलं. आधी अण्वस्त्र न वापरण्याचं बंधन भारतानं स्वतःवर का घालून घ्यावं, अशी शंका पर्रीकरांनी २०१६ मध्ये वैयक्तिक मत म्हणून बोलून दाखवली होती. म्हणजे ज्या तत्त्वाच्या मसुद्यावर संस्थेच्या दुसऱ्या संचालकांची छाप होती, त्याच तत्त्वावर शंका घेणाऱ्या मंत्र्यांचं नाव आज संस्थेच्या दारावर आहे.

सरकारच्या पैशावर चालणारी संस्था सरकारला न आवडणारं किती बोलू शकते, हा प्रश्न तिच्या बाबतीत कायमच राहणार. पण निर्णयाआधी अभ्यास हवा आणि तो लोकांपर्यंतही पोचायला हवा, हे तिच्या स्थापनेतच लिहिलेलं आहे. बॉम्ब असो की अणुभट्टी, परिणाम भोगायची वेळ येते तेव्हा ती दिल्लीपेक्षा पोखरण आणि माडबनसारख्या गावांवर आधी येते. म्हणून दिल्लीतला अभ्यास या गावांपर्यंत पोचतो का, हे विचारत राहायला हवं.