नांगर आणि ट्रॅक्टर एक करणारे हॅरी फर्ग्युसन

रान वाफशावर आलेलं, नांगर जोडलेला आणि ऐन वेळी घरच्या जुन्या मॅसीची लिफ्ट उचलेना. लिव्हर वर घेतला तरी नांगर जागचा हलत नाही. मग मिस्त्रीला फोन, त्याची दोन दिवस वाट पाहणं, आणि तोवर वाफसा गेलेला. गावोगावी हे चित्र नवं नाही. ज्या हायड्रोलिकपायी हा खोळंबा होतो, ते ज्यांच्या डोक्यातून आलं ते हॅरी फर्ग्युसन शेतकऱ्याचेच पोर. त्यांचं काम समजून घेतलं तर बिघाड कुठे शोधायचा, हेही बरंचसं कळतं.

फर्ग्युसन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागात, डाउन परगण्यातील ड्रोमोरजवळ झाला. अकरा भावंडांत ते चौथे. शेतातल्या कष्टात त्यांचं मन रमेना. १९०२ मध्ये ते बेलफास्टला थोरल्या भावाच्या सायकल-मोटार दुरुस्तीच्या दुकानात गेले. हात यंत्रात बसला. ३१ डिसेंबर १९०९ रोजी स्वतः बनवलेलं विमान त्यांनी उडवून दाखवलं. आयर्लंडमधलं ते पहिलं विमानोड्डाण मानलं जातं. पुढे त्यांनी स्वतःचा मोटारींचा धंदा सुरू केला.

पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई झाली. १९१७ मध्ये सरकारने आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांचं काम सुधारण्याची जबाबदारी फर्ग्युसन यांच्यावर टाकली. विली सँड्स या कुशल मेकॅनिकला सोबत घेऊन ते शेतोशेती फिरले. तेव्हा नांगर ट्रॅक्टरच्या मागे गाडीसारखा नुसता ओढला जाई. फाळ दगडात अडकला की चाकं जागेवर राहत आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उठे. मागे जास्त भरलेली बैलगाडी उलाळते, तसाच प्रकार. फरक एवढाच की इथे चालवणारा ट्रॅक्टरखाली सापडे, आणि त्यात अनेकांचे जीव गेले.

बाकीचे कारखानदार ट्रॅक्टर आणखी जड करत होते. फर्ग्युसन यांना वाटलं, दोष ट्रॅक्टरमध्ये नाही, जोडणीत आहे. नांगर आणि ट्रॅक्टर मिळून एकच यंत्र झालं पाहिजे. १९२६ मध्ये त्यांनी हायड्रोलिक नियंत्रणाचं पेटंट घेतलं. खाली दोन दांडे, वर एक टॉप लिंक, अशी तीन ठिकाणची जोडणी आकाराला आली. जमीन कडक लागली की टॉप लिंक पुढे दाबली जाते, तिच्या मागची स्प्रिंग दबते, पंपाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि नांगर थोडा वर येतो. रान मऊ लागलं की नांगर परत खाली. टॉप लिंकच्या या दाबामुळेच ट्रॅक्टरचं तोंड खाली राहतं आणि नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जड काम ओढू लागला.

१९३३ मध्ये त्यांचा काळ्या रंगाचा नमुना ट्रॅक्टर तयार झाला. १९३६ पासून इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्राउन यांच्या भागीदारीत विक्री सुरू झाली, पण ती बेताचीच राहिली. १९३८ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन थेट अमेरिकेला गेले आणि हेन्री फोर्ड यांच्या शेतावर तो चालवून दाखवला. फोर्ड खूश झाले. दोघांनी हात मिळवला, कागदावर मात्र काही लिहिलं नाही. १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर बाजारात आला आणि पुढच्या आठ वर्षांत तीन लाखांवर ट्रॅक्टर बनले.

पण तोंडी करार माणसं आहेत तोवरच टिकतो. फोर्ड यांच्या नातवाच्या हाती कारभार आला, करार मोडला आणि तीच पद्धत वापरून कंपनीने आपला ट्रॅक्टर काढला. फर्ग्युसन यांनी १९४८ मध्ये २५.१ कोटी डॉलरचा दावा लावला. १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. पंपाची ती खास रचना वापरणं फोर्डला थांबवावं लागलं.

तोवर इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत फर्ग्युसन यांचा करड्या रंगाचा टीई-२० जोरात निघत होता. १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले. १९५३ मध्ये त्यांची कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. त्यातूनच पुढे मॅसी फर्ग्युसन हे नाव आलं. २५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमध्ये राहत्या घरी फर्ग्युसन यांचं निधन झालं. त्याच वर्षी मद्रासमध्ये टॅफे कंपनी स्थापन झाली आणि मॅसी आपल्याकडच्या शेतात उतरला.

जुन्या फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरची लिफ्ट बिघडली, तर खोलाखोल करण्याआधी त्यांच्याच क्रमाने पाहावं. पंप पीटीओच्या शाफ्टवर चालतो, म्हणून आधी पीटीओचा लिव्हर लागलाय का ते बघायचं. गिअर आणि लिफ्टला ऑइल एकच असतं. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून पातळी बघायची. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, ते बदलावं. लिफ्ट हिसके देत वर येत असेल तर पंपाचे व्हॉल्व्ह नीट बसत नसावेत. इंजिन चालू असताना उचलते, पण बंद केल्यावर लगेच खाली येते, तर बहुधा सिलिंडरच्या सील किंवा पिस्टन रिंगमधून गळती आहे. नांगर खोली धरत नसेल तर टॉप लिंकच्या मागची स्प्रिंग ढिली झाली का ते तपासावं.

एक गोष्ट मात्र विसरू नये. उचललेला नांगर फक्त ऑइलच्या दाबावर उभा असतो. गळती असेल तर तो कधीही खाली येतो. दुरुस्तीला हात घालण्याआधी नांगर जमिनीवर टेकवावा, किंवा खाली लाकडाचे भक्कम ठोकळे लावावेत. फर्गुसन यांनी ही लिफ्ट केली तीच मुळी शेतकऱ्याचा जीव ट्रॅक्टरखाली जाऊ नये म्हणून.