रस्त्याच्या नावामागचा माणूस

लोअर परळला उतरून एन. एम. जोशी मार्गाने मी कितीतरी वेळा गेलो असेन. जुनी माणसे अजून त्याला डिलाईल रोडच म्हणतात. पण हे जोशी कोण, हा प्रश्न मला पडला तो घरी, नालासोपाऱ्यात. आमच्या चाळीतली काही बिऱ्हाडे 1982 च्या संपानंतर गिरणगावातून उठून आलेली, काही पुढे उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेली. आणि आता आधी आलेले मागून आलेल्यांना बाहेरचे म्हणतात!

नारायण मल्हार जोशी हेही मुंबईला बाहेरचेच. जन्म 1879 चा, कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गोरेगावचा. डेक्कन कॉलेजातून पदवी घेतली, काही वर्षे शिक्षकी केली आणि 1909 मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. दोनच वर्षांनी, 1911 मध्ये, त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली.

त्या वर्षीच्या शिरगणतीत मुंबईतील दर पाचांपैकी सुमारे चार माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. रत्नागिरीचा, साताऱ्याचा गडी एकटाच यायचा. एका खोलीत दहा-पंधरा जणांनी पाळीपाळीने झोपायचे, खाणावळीत जेवायचे, अडीनडीला पठाणाकडून कर्ज काढायचे. गावी पत्र धाडायचे तर दुसऱ्याचे पाय धरायचे. जोशींच्या लीगने या माणसासाठी रात्रशाळा, मोफत वाचनालये, फिरती ग्रंथालये, दवाखाने काढले. सहकारी पतपेढ्या उभ्या केल्या. परळचे दामोदर नाट्यगृहही लीगचेच. मला स्वतःला यात रात्रशाळा सर्वांत मोलाची वाटते. ज्याला स्वतःचे पत्र लिहिता येते, त्याचे घरचे दुःख निदान चारचौघांत वाचले जात नाही.

पण यंत्रात हात गेला तर पतपेढी काय करणार? जोशी कायद्याकडे वळले ते येथे. 1919 मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस ते गेले. 1920 मध्ये आयटक स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. मध्यवर्ती कायदेमंडळात ते सरकारनियुक्त सभासद, तरी बोलत कामगारांच्या बाजूने. अपघाताच्या भरपाईचा कायदा 1923 मध्ये झाला. बाळंतपणातील स्त्री-कामगारांना भत्ता मिळावा म्हणून त्यांनी 1924 मध्ये विधेयक आणले. ते फेटाळले गेले. मुंबई प्रांतात तसा कायदा व्हायला 1929 उजाडले.

नेमस्त म्हणून त्यांना एका शब्दात निकालात काढणारे पुष्कळ. 1929 मध्ये आयटक डाव्यांच्या हाती गेल्यावर ते बाहेर पडले, हे खरेच. पण आदल्याच वर्षीच्या सहा महिन्यांच्या गिरणीसंपात हेच जोशी कम्युनिस्टांबरोबर एका समितीत बसले होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. 30 मे 1955 रोजी ते वारले.

माझे आजोबा गिरणीत असताना रात्रशाळेत शिकले. मे 2020 मध्ये वसईच्या सनसिटी मैदानावर श्रमिक गाड्यांसाठी माणसांची रीघ लागली, तेव्हा चाळीतल्या मागून आलेल्यांचे अर्ज आजोबांनीच भरून दिले. अक्षर वळणदार, ओळी सरळ. मी शेजारी बसून आधारकार्डावरचे आकडे वाचून दाखवीत होतो.