हवेचे चाक

वाशीम जिल्ह्यात काळ्या जमिनीची रानेच्या राने पसरलेली आहेत. आषाढात तिच्यावर दोन-चार सरी पडल्या की ही माती लोण्यासारखी मऊ होते आणि लाखेसारखी चिकटते. पूर्वी लाकडी चाकांच्या बैलगाड्या या रानांतून कारंजा, रिसोड किंवा मंगरूळपीरच्या बाजाराला निघत, तेव्हा त्यांच्या चाकांवर लोखंडाची धाव चढवलेली असे. धाव अरुंद व कठीण. गाडीचा सारा भार तिच्या बोटा-दोन बोटांच्या टेकणीवर येई आणि चाक सुरीसारखे मातीत रुते. उन्हाळ्यात त्याच चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होत. मग प्रत्येक कंगोऱ्यावर चाक आदळे व तो हिसका तुंब्यातून आसाला, आसातून जुवाला आणि जुवातून बैलांच्या खांद्याला बसे. चाक टिकावे म्हणून माणसाने ते शतकानुशतके अधिकाधिक कठीण केले. ते मऊ करून पाहावे असा विचार ज्या थोड्या माणसांच्या मनात आला, त्यांच्यापैकी ज्याचे नाव जगाच्या तोंडी बसले तो जनावरांचा वैद्य होता. त्याचे नाव जॉन बॉइड डनलॉप.

डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. शेतात नांगराचे घोडे, गोठ्यात गुरे. त्यांच्याच सहवासात तो वाढला. त्याची प्रकृती नाजूक समजली जाई. शेतीचे काबाडकष्ट त्याला झेपणार नाहीत म्हणून की काय, त्याने विद्येची वाट धरली आणि एडिंबरो येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले. पुढे १८६७ साली तो आयर्लंडमध्ये गेला व बेलफास्ट शहरात त्याने आपला व्यवसाय थाटला. तो चांगला भरभराटला. त्याच्या नालशाळेत डझनभर कारागीर काम करीत असत. गावोगावी घोडागाडीतून फिरावे, लंगडणारा घोडा तपासावा, औषध द्यावे, असा त्याचा दिनक्रम होता. दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवर लोखंडी धावेचा खडखडाट त्याने वर्षानुवर्षे ऐकला होता आणि त्या हादऱ्यांनी जनावराचे व माणसाचे काय होते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

१८८७ साल. डनलॉपला जॉनी नावाचा मुलगा होता. त्याच्याजवळ तीन चाकांची सायकल होती. तिच्या चाकांवर भरीव रबराच्या पट्ट्या बसवलेल्या होत्या. ही सायकल शहराच्या खडबडीत रस्त्यावर चालवताना मुलाची हाडे खिळखिळी होत. डनलॉपने यावर विचार सुरू केला. रबर शस्त्रक्रियेच्या कामात त्याच्या हाताखालचे होते. त्याने लाकडाची एक वाटोळी तबकडी घेतली, पातळ रबराच्या पत्र्याची नळी करून ती तबकडीच्या कडेभोवती बसवली, वरून तागाच्या कापडाची पट्टी ओढून खिळ्यांनी पक्की केली आणि फुटबॉलच्या पंपाने त्या नळीत हवा भरून तिचे तोंड बांधून टाकले. मग घराच्या अंगणात त्याने दोन चाके एकापाठोपाठ एक घरंगळत सोडली. सायकलचे भरीव रबराचे चाक अंगणाच्या टोकापर्यंत पोहोचण्याआधीच लवंडले. हवेची तबकडी मात्र सारे अंगण ओलांडून फाटकावर आदळली व उसळी मारून मागे आली. हाताचा जोर दोन्हींना सारखाच मिळाला होता. भरीव चाकाचा जोर हादऱ्यांत खर्ची पडला. हवेच्या चाकाने तो राखला.

यानंतर त्याने सायकलच्या मागच्या चाकांवर हवेचे टायर बसवले. २८ फेब्रुवारी १८८८ च्या रात्री रस्ते मोकळे झाल्यावर जॉनी त्या सायकलवर बसून फिरून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी डनलॉपने टायर बारकाईने तपासले, तेव्हा रबरावर ओरखडाही नव्हता. त्याच वर्षी त्याने आपल्या शोधाचे पेटंट मिळवले. तथापि बाजारात असल्या फुगीर चाकांची थट्टाच झाली. १८८९ च्या मे महिन्यात बेलफास्टच्या मैदानावर विल्यम ह्यूम नावाचा सायकलपटू हे लोडासारखे टायर लावून शर्यतीत उतरला, तेव्हा प्रेक्षक हसले. शर्यत संपल्यावर हसण्याचे कारण उरले नाही, कारण जिंकला तो ह्यूमच. पराभूतांच्या बाजूने हे सारे पाहणारा हार्वे द्यू क्रो नावाचा व्यापारी होता. त्याचे स्वतःचे मुलगे सायकलपटू होते. त्याने लगोलग डब्लिन येथे कंपनी काढली आणि डनलॉपने आपले हक्क तिच्या स्वाधीन केले.

एवढ्यात एक अनपेक्षित गोष्ट उघडकीस आली. रॉबर्ट विल्यम टॉमसन नावाच्या दुसऱ्याच एका स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. त्या वेळी टॉमसनचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते आणि डनलॉप पाच वर्षांचा होता. टॉमसनने कातड्याच्या वेष्टनात रबराची नळी घालून घोडागाड्यांची चाके केली व लंडनच्या बागेत ती चालवूनही दाखवली. परंतु तेव्हा सायकल जन्मास आली नव्हती, चांगले पातळ रबर मिळत नव्हते आणि खर्च फार होता. म्हणून लोक ती गोष्ट विसरून गेले. डनलॉपला तिचा पत्ताही नव्हता. कायद्याला मात्र अज्ञानाची सबब चालत नाही. १८९० साली त्याचे पेटंट निरर्थक ठरले. शोध प्रामाणिक होता, कष्ट खरे होते, तरी पहिलेपणाचा मान दुसऱ्याचा, हे त्याला स्वीकारावे लागले.

कंपनी तगली ती इतर लहान सुधारणांमुळे. डनलॉपचा मूळचा टायर चाकाला चिकटवून पक्का केलेला असे. काटा घुसला की तो सोडवून दुरुस्त करण्यात तासन् तास जात. १८९० मध्ये वेल्च व बार्टलेट या दोघांनी चाकावरून काढता-घालता येणारे टायर निरनिराळ्या रीतींनी सिद्ध केले आणि कंपनीने त्यांचे हक्क विकत घेतले. हवा आत जाऊ देणारी पण बाहेर येऊ न देणारी झडप वूड्स नावाच्या माणसाने सुधारली. आपल्याकडे सायकलच्या दुकानात रबरी व्हॉल्व्ह-ट्यूबचा जो बोटभर तुकडा मिळतो, तो या झडपेचाच भाग होय. टायरच्या इतिहासात असल्या बोटभर वस्तूंचे मोल मोठे आहे. हवा कोंडून ठेवता आली नसती, तर डनलॉपचे चाक अंगणातच राहिले असते.

कोंडलेली हवा भार कसा पेलते, हे साध्या हिशेबाने कळते. एका चाकावर ३०० किलो भार आहे आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला २ किलो दाबाची हवा आहे, असे समजा. हा भार तोलण्यासाठी टायर सुमारे १५० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. दाब निम्मा केला, तर तो पसरून सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर जागा व्यापतो. मातीवरचा दाब निम्मा होतो व चाक कमी रुतते. म्हणून काळ्या रानात किंवा वाळूत शिरणाऱ्या जीपगाडीचे चालक टायरमधील हवा काही अंशी सोडून देतात. पण डांबरी सडकेवर परतल्यावर ती पुन्हा भरावीच लागते, कारण सैल टायर वेगात सारखा दुमडून तापतो आणि फाटतो. पांदणीच्या तोंडाशी हवा भरण्याचे दुकान कोठून असणार? हातपंपाने चार चाके भरताना माणसाचा घाम निघतो.

यावर अलीकडच्या काळात निघालेला उपाय म्हणजे बरोबर नेता येणारा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. हा वायू मोठ्या दाबाखाली द्रवरूप होतो, त्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ मावतो. १ किलो द्रवापासून सुमारे ५४० लिटर वायू मिळतो. सिलिंडरच्या तोंडावर दाब-नियामक बसवतात. आतील दाब दर चौरस सेंटिमीटरला साठ किलोच्या आसपास असतो. नियामक तो टायरला सोसेल इतका उतरवतो. पुढे लांब नळी, तिच्या टोकाला झडपेवर बसणारे तोंड आणि दाब दाखवणारे यंत्र. सिलिंडर उभाच धरावा लागतो, नाहीतर वायूऐवजी द्रवच नळीत उतरतो. वायू प्रसरण पावताना इतका थंड होतो की भर उन्हात नियामकावर हिमाचा पांढरा थर जमतो. मात्र वैशाखातल्या वाशीमला एक गोष्ट विसरून चालत नाही. ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही आणि त्याचा दाब झपाट्याने चढतो. तेथील पारा तर चाळिशी ओलांडतो. म्हणून सिलिंडर सावलीत, घट्ट बांधलेला व सुरक्षा-झडप शाबूत असलेलाच हवा. शिवाय हा वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो. तेव्हा घरी परतल्यावर साधी हवा भरून घेणे बरे.

डनलॉपच्या हाती यातले काही नव्हते. त्याच्यापाशी फुटबॉलचा पंप होता. १८९५ साली तो कंपनीतून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी द्यू क्रोने ती कंपनी तीस लाख पौंडांना विकली. ज्याच्या नावावर हा व्यवहार झाला, त्याच्या पदरी त्या संपत्तीचा मोठा वाटा पडला नाही. डनलॉप डब्लिनमध्ये कापडाच्या व्यापारात भागीदार होऊन शांतपणे राहिला. त्याचे मन दुखावले ते वेगळ्याच कारणाने. उंच टोपी घातलेल्या, नटव्या गृहस्थाच्या रूपात त्याचे चित्र कंपनीच्या जाहिरातींत झळकू लागले. साधेपणाने आयुष्य काढलेल्या त्या दाढीवाल्या वृद्धाला हे सोसवेना. पेटंट गेले तेव्हा तो निमूट राहिला होता. आपल्या चेहऱ्यासाठी मात्र ऐंशीच्या घरात असताना त्याने कंपनीविरुद्ध दावा लावला.

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर त्याने लिहून ठेवलेला टायरचा इतिहास त्याच्या मुलीने प्रसिद्ध केला. त्याच्या नावाचा कारखाना भारतात, बंगालमधील साहागंज येथे, १९३६ साली निघाला. बैलगाड्यांच्या लाकडी चाकांच्या जागी हवेचे टायर दिसू लागले ते त्याही पुढे. बैलांच्या खांद्यावरचा हिसका त्यांनी कितीतरी हलका केला. जनावरांच्या त्या वैद्याने तो पाहिला असता तर त्याला शर्यतीतल्या विजयापेक्षा अधिक समाधान वाटले असते. त्याने हाताने तयार केलेला पहिल्या काळातील टायर एडिंबरोच्या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. याच शहरात तो तरुणपणी पशुवैद्यक शिकला होता.