काचेवर साबणाने घरं काढणारा मुलगा

‘लुटियन्स दिल्ली’ हे शब्द तुम्ही बातम्यांमध्ये इतक्यांदा ऐकले असतील, की त्यामागे एक हाडामांसाचा माणूस होता हेच विसरायला होतं. एडविन लुटियन्स. राष्ट्रपती भवन त्याचंच. पण ते जरा बाजूला ठेवा आणि इंग्लंडमधल्या सरे परगण्यात चला. त्याची खरी कमाल तिथल्या गावाकडच्या घरांत आहे, असं आपलं माझं मत.

जन्म १८६९ चा. लहानपणी तापाच्या मोठ्या दुखण्याने गाठलं आणि शाळा जवळपास सुटलीच. मग हा थर्स्ली गावाच्या आसपास एकटाच भटकायचा. सोबत काचेचा तुकडा आणि टोक काढलेले साबण. घरासमोर काच धरायची, पलीकडे दिसणाऱ्या रेषा साबणाने गिरवायच्या, पुसायच्या, पुढचं घर! छप्पर भिंतीवर कसं उतरतं, धुराडं कुठून वर येतं, हे त्याला असं कळलं. बाकीचं शिक्षण बांधकाम करणाऱ्यांच्या आवारात. पुढे लंडनच्या आर्ट स्कूलमध्ये गेला, पण कोर्स अर्धवट सोडला. एका आर्किटेक्टकडे थोडी उमेदवारी केली आणि विशीच्या उंबरठ्यावरच स्वतःचं ऑफिस थाटलं.

१८८९ मध्ये त्याला गर्ट्रूड जीकल भेटल्या. वय पंचेचाळीस, नजर अधू होत चाललेली, म्हणून चित्रकलेकडून बागेकडे वळलेल्या. दोघं घोडागाडीतून गल्लीबोळ पालथे घालत जुनी घरं बघत फिरायचे. तो काळ आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीचा. कारखान्यातल्या एकसाची मालाला कंटाळलेली मंडळी म्हणत होती, की घर तिथल्याच दगडालाकडाचं आणि कारागिराच्या हातचं हवं.

जीकलबाईंचं ‘मन्स्टेड वुड’ हे घर १८९६-९७ मध्ये उभं राहिलं. दगड तिथलाच बार्गेट, लाकूड जवळपासच्या ओक झाडांचं, कौलारू छप्पर खालपर्यंत उतरलेलं, धुराडी विटांची आणि उंच. नवं घर ओढूनताणून जुनं दाखवायचा खटाटोप नाही. नुसत्या दिखाऊपणाला बाईंचा ठाम नकार, त्यामुळे दोघांचे खटके उडायचे. बाई शेजारच्याच छोट्या घरात राहत होत्या. करवत, छिन्नी, थापी यांच्या आवाजावरून त्या ओळखायच्या, आत्ता काय काम चाललंय. असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं! सत्तावीस वर्षांच्या पोराला या बाईंनी घडवलं, असं म्हटलं तर चुकणार नाही. मग कामांची रीघ लागली. सॉनिंगचं डीनरी गार्डन हे त्यातलं एक, तेही बघाच.

याच दिवसांत तो एमिली लिटनच्या प्रेमात पडला. ती एका माजी व्हाइसरॉयची मुलगी, हा पैशाच्या बाबतीत कच्चा, साहजिकच तिच्या घरचे साशंक. त्याने तिला एक छोटी पेटी भेट दिली. आत काय, तर दोघांसाठी गावाकडे बांधायच्या छोट्या पांढऱ्या घराचे नकाशे. १८९७ मध्ये लग्न झालं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १९१२ पासून दिल्ली, ३४० खोल्यांचा प्रासाद. भारतीय वास्तुकलेला तो नाकं मुरडायचा, तरी छज्जे आणि छत्र्या त्याला घ्याव्याच लागल्या. इकडे एमिली थिऑसॉफीत रमली, कृष्णमूर्तींना तिने मुलासारखं जपलं. नवरा-बायकोत अंतर पडत गेलं.

१ जानेवारी १९४४ रोजी लुटियन्स लंडनमध्ये वारला. दुसऱ्यांसाठी त्याने कितीतरी घरं बांधली. पेटीतलं ते पांढरं घर मात्र कागदावरच राहिलं.