त्सावोचा पूल आणि पॅटरसन

जॉन हेन्री पॅटरसन म्हटलं की त्सावोचे नरभक्षक सिंह आठवतात. सिनेमाही त्यांच्यावरच निघाला. पण हा माणूस केनियात शिकारीला नव्हे, रेल्वेचा पूल बांधायला गेला होता.

१८६७ साली आयर्लंडमध्ये जन्मलेला पॅटरसन भारतात सैन्यात होता, त्यामुळे हिंदुस्थानी त्याला येत होती. मार्च १८९८ मध्ये तो त्सावोला पोचला. मोंबासाहून निघालेली मीटरगेज लाइन नदीवरच्या तात्पुरत्या पुलावरून पुढे सरकत होती. पक्का पूल त्याने बांधायचा होता. मजूर बहुतेक पंजाबातून आणलेले. गवंड्याला महिना ४५ रुपये, साध्या मजुराला १२. मग काय, थापी न धरलेलेही गवंडी म्हणून भरती झाले! त्याने कामाप्रमाणे दाम लावले, तेव्हा त्याला मारण्याचा कट शिजला. त्यातून तो वाचला.

दरम्यान बिनआयाळीचे दोन सिंह रात्री तंबूंतून माणसं ओढून नेत होते. १ डिसेंबरला मजुरांनी रुळांवर आडवं पडून गाडी थांबवली आणि शेकडो जण तिच्यात चढून निघून गेले. त्यांना भित्रे म्हणवत नाही. तीन आठवडे काम ठप्प. ९ आणि २९ डिसेंबरला पॅटरसनने दोन्ही सिंह मारले. बळींचा आकडा त्याने पुढे १३५ पर्यंत नेला. सिंहांची हाडं आणि केस तपासून २००९ साली शास्त्रज्ञांनी काढलेला अंदाज साधारण ३५ चा आहे.

आता पूल. दगडी खांब उभे राहिले, पण ६० फुटी लोखंडी गर्डर त्यांवर चढवायचे कसे? पुरेशी यंत्रसामग्री नव्हती. त्याने दोन खांबांच्या मधोमध लाकडी स्लीपर एकावर एक रचून तात्पुरता खांब केला, त्यावरून जाड तुळया टाकल्या, तुळयांवर रूळ. ट्रकवर ठेवलेला गर्डर ढकलत थेट जागेवर नेला, जॅकने उचलला, खालून ट्रक काढले, लाकडं मोडली आणि गर्डर हळूहळू खाली टेकवला. क्रेन नाही की काही नाही!

फेब्रुवारी १८९९ मध्ये पूल पुरा झाला. लवकरच नदीला मोठा पूर आला. दगड वाहून नेण्यासाठी बांधलेले ट्रॉलीचे दोन तात्पुरते पूल उखडले आणि त्यांचे रूळ, स्लीपर, झाडांसकट नव्या खांबांवर येऊन आदळले. पूल हलला नाही.

पॅटरसन १९४७ साली कॅलिफोर्नियात वारला. सिंहांची कातडी त्याने १९२४ मध्येच शिकागोच्या फील्ड म्युझियमला ५,००० डॉलरला विकली होती.